ताबा

‘ताबा’ हा शब्द आपण दिवसातून किती वेळा आणि किती परींनी वापरतो, याची मोजदाद कोणी केली नसेल. घाटात ट्रकचालकाचा ताबा सुटतो. नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की नाही, हे पाहुणे चहा पिता पिता विचारतात. वडीलमाणसे तरुणांना जिभेवर ताबा ठेवायला सांगतात. आणि डॉक्टर वडीलमाणसांना तेच सांगतात, मात्र वेगळ्या कारणासाठी. हे दुसरे ताबा ठेवणे दिवाळीच्या दिवसांत किती कठीण असते, ते फराळाचे डबे उंच फळीवर ठेवणाऱ्या गृहिणींना विचारावे. इतिहासाच्या पुस्तकात तर पानोपानी किल्ले ताब्यात येतात आणि ताब्यातून जातात.

खेड्यात मात्र या शब्दाला निराळेच वजन असते. जमिनीचा वाद निघाला की कागद कोणाच्या नावावर आहे यापेक्षा ताबा कोणाचा आहे, हे लोक आधी विचारतात. कागद पेटीत असतो. ताबा बांधावर उभा असतो. गहाणातसुद्धा साधे गहाण वेगळे आणि ताबेगहाण वेगळे. ज्याने जमीन ताबेगहाण दिली, त्याच्याकडे लोक जरा कीव आल्यासारखे पाहतात. शेत अजून त्याचेच असते, पण पेरणी दुसऱ्याची.

मी शाळेत मराठी शिकवते. कायदा काही शिकलेली नाही. दहावीनंतर जे काही शिकले, ते वर्गात उभे राहून आणि घरी कादंबऱ्या लिहिताना. त्यामुळे या शब्दाकडे मी पाहते ती एका मास्तरणीच्या नजरेने. शब्द कोठून आला, कोणाच्या तोंडी आहे, आणि वाक्यात कसा बसतो, एवढेच मला पाहता येते.

वाक्यात बसवण्याचेच निमित्त झाले. सहावीच्या वर्गाला मी ‘शब्दांचा वाक्यांत उपयोग करा’ हा आपला नेहमीचा अभ्यास दिला होता. दहा शब्दांत एक ‘ताबा’ होता. वह्या तपासताना अपेक्षेप्रमाणे बहुतेकांनी तोरणा ताब्यात घेतला होता. एकाच्या मामाने नव्या ट्रॅक्टरचा ताबा घेतला होता आणि तो कुठल्या रंगाचा होता हेही त्याने न विचारता लिहिले होते. मग एका वहीत, तशाच वळणदार अक्षरात, वाक्य आले: ‘माझा ताबा आईकडे आहे.’

वाक्य शुद्ध होते. कर्ता, क्रियापद, विभक्ती, सगळे जागच्या जागी. मी बरोबरची खूण केली आणि पुढचे वाक्य तपासले. पण त्या खुणेपाशी माझा हात थोडा थांबला, हे खरे. बाकीच्या अडतीस मुलांच्या वाक्यांत ताब्यात जाणारी वस्तू वेगळी होती आणि वाक्य लिहिणारा वेगळा होता. या एकाच वाक्यात लिहिणारा स्वतःच ताब्यात होता.

पुढे सहामाही परीक्षा झाली आणि त्याची आई शाळेत आली. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला न्यायालयाचा निकाल होता. “बाई, वाचता येतं मला, पण कळत नाही,” ती म्हणाली. निकाल मराठीतच होता. मुलाचा आणि त्याच्या चार वर्षांच्या बहिणीचा ताबा आईकडे. वडिलांना महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी भेटीचा हक्क. मे महिन्याची आणि दिवाळीची सुट्टी अर्धी-अर्धी. मात्र धाकटी लहान असल्यामुळे सुट्टीतही आईजवळच राहील. बाईची अडचण कायद्याची नव्हती, पंचांगाची होती. सुट्टीचा दुसरा अर्धा भाग वडिलांकडचा, आणि त्यात भाऊबीज येत होती. भाऊ एका गावी आणि बहीण दुसऱ्या गावी. मुलाने म्हणे कॅलेंडरवर पेन्सिलीने दिवस पुनःपुन्हा मोजले होते. सुट्टी शनिवारपासून धरली तर काय, आणि शाळा सुटल्याच्या दुपारपासून धरली तर काय, असे त्याचे गणित चालू होते. कसेही मोजले तरी भाऊबीज पलीकडेच पडत होती.

त्याचे वडील चौथ्या शनिवारी शाळेच्या फाटकाशी आले, तेव्हा मी त्यांना हे सांगितले. गृहस्थ साधा होता. कपाळाला आठी घालून त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, “भाऊबीजेला दिवसभर आणून सोडतो, बाई. फक्त कागदावर लिहून घेऊ नका.” मी कारण विचारले नाही. मला ते उमगले होते. न लिहिता दिले तर ते त्याने दिलेले होते. लिहून दिले असते तर ते त्याच्याकडून घेतलेले झाले असते. मी काही लिहून घेतले नाही. दुपारी तो मुलगा वडिलांच्या मोटारसायकलवर मागे बसून गेला, तो वळणापर्यंत मागे पाहत होता. कोणाकडे, ते सांगता यायचे नाही; फाटकाशी मीही होते आणि त्याचे मित्रही होते.

तेव्हापासून मी हा शब्द जरा खणून पाहिला. ‘ताबा’ मूळचा अरबी. त्याच्या मुळाशी मागोमाग जाणारा, दुसऱ्याच्या अनुरोधाने चालणारा, अंकित, असा अर्थ आहे. म्हणून तर ‘ताबेदार’ म्हणजे ताबा ज्याच्याकडे आहे तो धनी नव्हे, तर ताब्यात असलेला चाकर. शब्दाची ही उलटी चाल मोठी मौजेची आहे. इंग्रजी कायद्यातला ज्या शब्दासाठी आपण ‘ताबा’ योजला, तो ‘कस्टडी’ मात्र लॅटिनमधून आला आहे आणि तेथे त्याचा अर्थ राखण, पहारा असा आहे. म्हणजे एका भाषेतला शब्द राखणाऱ्याकडे पाहतो आणि आपला शब्द मागे चालणाऱ्याकडे. एकच इंग्रजी शब्द आपण पोलिसांच्या कामात ‘कोठडी’ असा करतो. वर्तमानपत्रांत रोज येणारी ‘पोलीस कोठडी’ आणि ‘न्यायालयीन कोठडी’ ती हीच. पहिली सर्वसाधारण कायद्याप्रमाणे एकूण पंधरा दिवसांच्या पलीकडे जात नाही आणि दुसरीत माणूस तुरुंगात असला तरी न्यायालयाच्या हाताखाली असतो, एवढा भेद पुष्कळांना ठाऊक नसतो. पण आरोपीच्या वाट्याला कोठडी आणि मुलाच्या वाट्याला ताबा, हे आपण कधी ठरवले?

सरकारी भाषेत यासाठी ‘अभिरक्षा’ असा शब्द केलेला आहे. शब्द चांगला आहे, अर्थ नेमका आहे. पण मी आजवर एकाही बाईच्या तोंडून ‘पोराची अभिरक्षा मला मिळाली’ असे ऐकलेले नाही, आणि ऐकेन अशी आशाही नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तरीही कचेरीतले किती तरी फारसी-अरबी शब्द लोकांच्या जिभेवर राहिलेच की. त्यांतला एक शब्द तर मला या कामी फार योग्य वाटतो, तो म्हणजे ‘हवाली’. हवाली करणे म्हणजे विश्वासाने सोपवणे. ज्याच्या हवाली किल्ला, तो हवालदार. महाराजांच्या गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तिघे अधिकारी असत आणि गडाच्या किल्ल्या हवालदाराजवळ राहत. गड त्याचा नसे. तो त्याला राखायचा असे. पुढे इंग्रजी अमदानीत हा शब्द पलटणीत आणि पोलिसांत गेला तो गेलाच.

मजा अशी, की कायद्याचे पोट त्याच्या भाषेपेक्षा पुष्कळ मऊ आहे. १८९० सालचा ‘पालक व पाल्य अधिनियम’ परक्या सरकारने केला. पण मुलाचा पालक नेमताना त्याचे कल्याण कशात आहे ते पाहावे, आणि मुलाला स्वतःचे मत बनवण्याइतकी समज असेल तर तेही विचारात घ्यावे, असे त्यात सांगितले आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने तर मुलाचे कल्याण हीच सर्वांत वरची गोष्ट, असे म्हटले. आईबापांची मुले ही काही त्यांची चीजवस्तू किंवा खेळणी नव्हेत, या अर्थाचे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली बजावले आहे.

तरीही त्या १९५६ च्या कायद्यात एक शब्द असा राहून गेला, की त्यासाठी त्रेचाळीस वर्षे थांबावे लागले. अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक पिता, ‘आणि त्याच्यानंतर’ माता, असे त्यात होते. पाच वर्षांच्या आतील मूल सामान्यतः आईजवळ राहावे, अशी सवलत लगेच पुढे होती. पण ‘त्याच्यानंतर’ म्हणजे केव्हा? बाप जिवंत असेतो आईची सही चालत नसे. विदर्भातल्या एका जमिनीच्या खटल्यात १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने वाट थोडी मोकळी केली. तेथे बाप वेगळा राहत होता, मुलीचे आणि तिच्या जमिनीचे आईच पाहत होती, तेव्हा पालक आईच, असे ठरले. पुढे गीता हरिहरन या लेखिकेने मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घेताना पालक म्हणून स्वतः सही केली, ती बँकेने मानली नाही, आणि प्रकरण वरपर्यंत गेले. १९९९ साली निकाल लागला, की ‘त्याच्यानंतर’ म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर असा अर्थ धरू नये. त्याच्या अभावी, तो मुलाकडे पाहत नसेल तेव्हा, असाही तो होतो. ज्या इंग्लंडातून आपल्याकडे हा कायदा आला, तेथेही १८३९ पूर्वी आईला न्यायालयात उभेच राहता येत नव्हते. कॅरोलाइन नॉर्टन नावाच्या बाईची तीन मुले नवऱ्याने नेली, तेव्हा तिने पत्रके लिहून लिहून पार्लमेंटला हलवले, आणि सात वर्षांखालील मुले मागण्याची मुभा आयांना मिळाली. तीही लेखिकाच. शब्दाचा अर्थ बदलून घेण्याचे काम दोन्ही ठिकाणी लेखिकांनाच करावे लागले, याचा मला, माझी लेखणी बेताची असली तरी, थोडा अभिमान वाटतो.

आमच्या ओळखीचे एक वकील आहेत. तालुक्याला वकिली करतात. त्यांच्याशी मी एकदा यावरून वाद घातला. म्हटले, “वकीलसाहेब, निकालात ‘ताबा’ऐवजी ‘सांभाळ’ का लिहीत नाही? ‘मुलाचा सांभाळ आई करील.’ कोणालाही कळेल.”

ते हसले. म्हणाले, “बाई, सांभाळ करायला कोर्टाचा हुकूम लागत नाही. हुकूम लागतो तो मूल कोणी परत आणून देत नसेल तेव्हा. बेलीफ दारात जाऊन ‘सांभाळ द्या’ म्हणाला, तर आतला माणूस म्हणेल, मी सांभाळतोच आहे की. ‘ताबा द्या’ म्हटलं की त्याला दार उघडावं लागतं.”

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. शब्द कठोर आहे तो उगीच नाही, हे मला मान्य करावे लागले. कारण ज्या घरी हा शब्द कोणी उच्चारला नाही, त्या घरी काय झाले तेही मी पाहिलेले आहे.

माझी आत्या. माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिला कृष्णाकाठी दिले होते. पाच एकर बागाईत, दुभती जनावरे, चार खणी घर. १९७४ साली तिचे यजमान अचानक गेले, तेव्हा मुलगा तीन वर्षांचा होता. दिवस झाल्यावर आबा, म्हणजे माझे आजोबा, तिला माहेरी आणायला गेले. चुलत्यांनी सांगितले, बाई न्या, पोरगा आमच्या घरचा आहे. आबा बैलगाडीत पुढे बसले, आत्या मागे. मुलगा त्या वेळी गोठ्यात वासराशी खेळत होता. त्याला उठवून आणले तर रडेल, म्हणून त्याला कोणी हाक मारली नाही.

आबा कराडच्या वकिलाकडे गेले होते. वकिलाने सांगितले, कायदा सगळा तुमच्या बाजूने आहे. बाप नाही, म्हणजे पालक आई. आणि मूल पाचाच्या आतले. साताऱ्याला जिल्हा न्यायालयात अर्ज टाकू, ताबा मिळेल. आबांनी त्यासाठी सातबाराचा उताराही आणला. पण आत्याच नको म्हणाली. “तिथं दूध हाय, रान हाय. इथं मीच भावाच्या दारात, त्यात त्याला कुठं आणू?” असे ती म्हणाली म्हणतात. घरच्यांनी ते मोठ्या कौतुकाने पुढे कितीदा तरी सांगितले. आत्या कशी समजूतदार. मला ते कौतुक कधी पटले नाही. तिच्या समजूतदारपणाची सगळ्यांनाच फार सोय झाली होती.

तो उतारा मात्र आत्याने आपल्या पत्र्याच्या पेटीत ठेवला. तलाठ्याने हाताने लिहून दिलेला, निळ्या शाईचा. मला वाचता येऊ लागले तशी ती मला तो वाचायला लावी. वर्षातून दोनचारदा तरी. “त्याचं नाव कुठं हाय, वाच गं जरा.” मी वाची. मुलाचे नाव, आणि त्यापुढे ‘अ. पा. क. चुलता’. ‘अ. पा. क.’ म्हणजे काय ते मला आबांनी सांगितले: अज्ञान पालनकर्ता. अज्ञान म्हणजे अठरा वर्षांच्या आतला. त्याचे पालन करणारा चुलता. कोणाच्याही वकिली कागदापेक्षा तलाठ्याच्या त्या तीन अक्षरांत अधिक माया आहे, असे मला वाटते. ‘पालनकर्ता’ असे लिहिले होते. फक्त माणूस दुसराच होता. आत्याचे स्वतःचे नाव खाली, ‘इतर हक्क’ या रकान्यात होते. ते वाचून दाखवायला तिने मला कधी सांगितले नाही.

१९९२ च्या दिवाळीच्या तोंडावर तो आला. एकवीस वर्षांचा, सज्ञान, पँटच्या खिशात कंगवा. मी अकरा वर्षांची होते. बरोबर हक्कसोडपत्राचा मसुदा होता. हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवेचा वाटा मुलाइतकाच, तेव्हा ‘इतर हक्क’ निघाल्याशिवाय त्याला चुलत्यांपासून वाटणी करून घेता येत नव्हती. आत्याने सगळे ऐकून घेतले. तिने विचारले, कचेरी कधी उघडती? दुय्यम निबंधकाची कचेरी भाऊबीज झाल्यावर उघडणार होती. “मग तवर राहा,” ती म्हणाली. “कचेरी उघडली की मी येते अंगठा द्यायला.”

तो राहिला. दुसरा इलाज नव्हता म्हणून राहिला, हे मला तेव्हाही कळत होते. नरकचतुर्दशीला पहाटे आत्याने त्याला पाटावर बसवले आणि पाठीला तेल लावले. एवढा दांडगा मुलगा, लाजून अगदी आखडून बसला होता. आत्याचे हात त्याच्या पाठीवरून फिरत होते ते काही तरी शोधत असल्यासारखे. ती एक शब्द बोलली नाही. मग एकदम म्हणाली, “हितं वण होता तुझ्या. गेला की.” तो म्हणाला, “मला म्हायती न्हाई.” भाऊबीजेला मी त्याला ओवाळले. त्याने ताटात दहाची नोट टाकली, आणि मग जरा थांबून आणखी एक.

दुसऱ्या दिवशी दोघे कराडला गेले. आत्याने अंगठा दिला. बदल्यात तिने काही मागितले नाही, आणि आमच्या घरीही त्यावरून कोणी काही बोलले नाही, कारण सगळ्यांनाच वाटले की आता मुलगा येत-जात राहील.

त्यानंतर तो दर दिवाळीला येऊ लागला असे लिहिता आले असते, तर कादंबरी लिहिणारी म्हणून मला बरे वाटले असते. तो दोनदा आला. एकदा लग्नाची पत्रिका द्यायला. आणि एकदा कराडला काही काम होते म्हणून, भर दुपारी, पाऊण तास. तेवढ्यात आत्याने चुलीवर शेवया केल्या. बाहेर जीप उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवीत होता, म्हणून त्या त्याने उभ्याउभ्याच खाल्ल्या.